मुलांचा योग आणि आमचा लाभ

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने उन्हाळी सुटीत मुलांसाठी योगवर्ग सुरू केला, तेव्हा त्याचे पत्रक लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. उधना, लिंबायत या भागांत राहणारी खानदेशी कुटुंबे डोळ्यांपुढे ठेवून ते लिहायचे होते. पत्रक एकाच पानाचे होते. वर वर्गाची जागा आणि वेळ, खाली पाच ओळींत योगाचे लाभ. त्या पाच ओळी आम्ही अर्ध्या तासात लिहून काढल्या. शरीर लवचीक होते, पचन सुधारते, मन शांत राहते, एकाग्रता वाढते. आणि शेवटची ओळ, जी छापखान्याने आपणहून जाड ठशात घेतली, ती अशी की अभ्यासात प्रगती होऊन परीक्षेतील गुण वाढतात. ही ओळ लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. अशी वाक्ये इतक्या ठिकाणी वाचलेली असतात की आपण ती लिहीत नसून उतरवून घेत आहोत, असेच वाटत राहते.

पहिल्या वर्षी चाळीस मुले आली. दुसऱ्या वर्षी त्यांतली पंचवीसेक टिकली. त्यांत महानगरपालिकेच्या मराठी शाळेत पाचवीत जाणारी एक मुलगी होती. ती वेळेआधी येई, स्वतःची सतरंजी स्वतः अंथरी आणि वर्ग संपल्यावरही थोडा वेळ तेथेच रेंगाळे. तिसऱ्या उन्हाळ्यात ती तीनच दिवस आली आणि मग दिसेनाशी झाली. आजारी असेल या समजुतीने आम्ही चौकशीला घरी गेलो. एका खोलीचे घर, दाराशी साड्यांचा ढीग. आई मागणीच्या साड्यांचे सुटलेले धागे कापत बसली होती. मुलगी तिच्या शेजारी तेच करीत होती. आईने आम्हाला बसायला जागा करून दिली, पाणी दिले आणि आमच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले. "सर, तुमच्या कागदावर लिहिलं होतं, गुण वाढतील. दोन उन्हाळे पाठवली. गणितात होते तेवढेच आले. सकाळची ती घरी राहिली तर चार साड्या जास्त होतात." आम्ही चाचरत मनःशांतीबद्दल काही बोललो. त्यावर ती म्हणाली, "शांत तर ती आधीपण होती."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. फुटके निघालेले मडके कुंभाराला परत नेऊन दाखवावे, इतकाच तिचा स्वर होता. आम्ही एक माल विकला होता, मालाचा गुण लेखी सांगितला होता आणि तो गुण मालात निघाला नव्हता. या व्यवहारात चूक कोणाची, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. मुलांना योग शिकवावा की नाही हा प्रश्न आमच्या पिढीने कधी गंभीरपणे विचारलाच नाही, कारण त्याचे लाभ स्वयंसिद्ध मानले. परंतु लाभ सांगून मुलांना एखाद्या गोष्टीकडे नेणे हे नीतीच्या दृष्टीने कसे आहे, हा निराळा प्रश्न आहे, आणि त्या खोलीतून बाहेर पडल्यापासून तो आमची पाठ सोडत नाही.

योगाच्या बाबतीत तर तो अधिकच बोचतो. पतंजलींच्या आठ अंगांत आसन तिसरे आहे. त्यांच्या आधी यम आणि नियम येतात, आणि यमांत अहिंसेच्या पाठोपाठ सत्य येते. म्हणजे तिसऱ्या पायरीची जाहिरात करण्यासाठी आम्ही पहिलीच पायरी मोडली. योगसूत्रांत आसनाबद्दल अवघी तीन सूत्रे आहेत आणि त्यांतील पहिल्याचा आशय एवढाच की बैठक स्थिर असावी व सुखाची असावी. त्यात गुणपत्रिका नाही, पचन नाही, उंची वाढण्याचे आश्वासनही नाही. हठयोगाचे ग्रंथ मात्र लाभांच्या बाबतीत पतंजलींइतके मितभाषी नाहीत, हेही सांगितले पाहिजे; रोग जातात, जठराग्नी पेटतो अशी फलश्रुती तेथे भरपूर आहे. फलश्रुतीची ही सवय आपल्याकडे स्तोत्रांपासून व्रतकथांपर्यंत सर्वत्र आहे. तेव्हा आमचे पत्रक परंपरेला सोडून होते असे कोणी म्हणणार नाही. फरक इतकाच की व्रतकथेतला साधुवाणी पुढच्या परीक्षेचे गुण घेऊन दारात उभा राहत नाही.

आमचे शहर या विषयात मागे नाही. २१ जून २०२३ रोजी आंतरराष्ट्रीय योगदिनी सुरतेत डुमस रस्त्याच्या परिसरात सुमारे दीड लाख माणसांनी एकाच वेळी योगासने केली आणि एका ठिकाणच्या सर्वांत मोठ्या योगवर्गाचा जागतिक विक्रम शहराच्या नावावर लागला. गिनेसच्या नोंदीत हा आकडा १,४७,९५२ असा आहे. त्यापूर्वीचा विक्रम राजस्थानातील कोटा शहराच्या नावे होता, २०१८ सालचा. कोटा हे नाव वाचले की स्पर्धापरीक्षांचे शिकवणीवर्ग आठवतात, हा योगायोग आहे. पण त्याकडे डोळेझाक करणे जड जाते. पुढे २०२५ साली विशाखापट्टणमने सुरतेचा विक्रम मोडला. विक्रम मोडण्यासाठीच असतात.

त्या दिवशीच्या गर्दीत शाळांची मुले पुष्कळ होती. पहाटे उठून, पांढरे सदरे घालून ती आली होती. आमचा नातूही त्यांत होता. घरी आल्यावर त्याला विचारले, कसे झाले? तो म्हणाला, पुढच्या ओळीतल्या काकांच्या पाठीशिवाय काही दिसले नाही. हे ऐकून आम्ही हसलो, आणि मग हठप्रदीपिकेतील एक जागा आठवून हसणे थांबले. पंधराव्या शतकातील स्वात्माराम योग्याने त्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी सांगितल्या आहेत: अति खाणे, अति श्रम, बडबड, नेमांचा हट्ट, लोकांची संगत आणि मनाची चंचलता. पाचवी गोष्ट त्या दिवशी डुमस रस्त्यावर दीड लाखांच्या संख्येने हजर होती. चौथीही विचार करण्यासारखी आहे. नेमांचा हट्ट म्हणजे पहाटेच्या थंड स्नानासारख्या कडक व्रतांचा आग्रह, असा अर्थ टीकाकारांनी लावला आहे. मुलांना साडेचारला उठवून मैदानात नेणाऱ्या आपणा सर्वांना स्वात्मारामाने आधीच ओळखून ठेवले होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तरीही रांगेतल्या योगाची थट्टा करून मोकळे होणे आम्हाला शक्य नाही, कारण ही रांग आखणारी माणसे आपलीच आहेत आणि ती हलक्या विचारांची नव्हती. गेल्या शतकात योगाला गुहेतून शाळेत आणणारी दोन मोठी नावे घेतली तर दोन्ही आमच्या या परिसराशी बांधलेली निघतात. एक श्री योगेंद्र, पूर्वाश्रमीचे मणिभाई हरिभाई देसाई, जन्म १८९७ साली दक्षिण गुजरातेतील देगाम येथे. दुसरे स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, जन्म १८८३ साली बडोद्याजवळच्या डभोईचा. दोघांचेही गुरू एकच, नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजी. योगेंद्रांनी १९१८ साली मुंबईत वर्सोव्याला योगसंस्था काढली आणि संन्यासाची वाट सोडून गृहस्थाश्रमात योग आणला. कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. लोणावळ्याच्या आधी ते अमळनेरला होते. तेथील शिक्षणसंस्थेत त्यांनी शिकवले आणि राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. सुरतेहून तापी खोऱ्याच्या गाडीत बसले की नंदुरबार, दोंडाईचा करीत अमळनेर येते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आजोळ याच रुळांवर आहे. ज्या गावात प्रताप शेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले आणि जेथे पुढे साने गुरुजी शाळामास्तर झाले, त्याच गावात कुवलयानंदही मुलांना शिकवीत होते. हे वाचकांना ठाऊक असेलच. पण ज्या मुलांना आम्ही ताडासन शिकवतो त्यांना ते कोणी सांगत नाही, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

कुवलयानंदांचे आणखी एक गुरू होते, बडोद्याचे राजरत्न माणिकराव. माणिकराव हे जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचे शिष्य, आणि त्यांची व्यायामशाळा आजही गुरूच्याच नावाने ओळखली जाते. माणिकरावांनी कवायतीला देशी भाषेतल्या आज्ञा दिल्या, सामुदायिक व्यायामाला शिस्त लावली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या कुवलयानंदांनी १९३६ साली 'यौगिक संघ व्यायाम' हे पुस्तक शाळांसाठी सिद्ध केले. म्हणजे मुलांना रांगेत उभे करून आज्ञेबरोबर आसने करविण्याची पद्धत एका मराठी शिक्षकाने विचारपूर्वक घडविली. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो परकीय राजवटीत खंगलेल्या, दुबळ्या शरीरांच्या पिढीचा. एका शिक्षकापुढे पन्नास मुले असतील तर हठप्रदीपिकेतील एकांतातली कुटी कोठून आणायची? त्यांनी निवड केली आणि ती त्या काळाला धरून होती. आज आपण ती रांग जशीच्या तशी ठेवली आहे; तिच्यामागचा प्रश्न मात्र हरवला आहे.

लाभाच्या बाबतीत कुवलयानंदांकडून घेण्यासारखे आणखी काही आहे. त्यांनी लोणावळ्याला योग्यांच्या पोटात दाबमापके घातली, क्ष-किरणांनी चित्रे घेतली, उड्डियान आणि नौली करताना आत दाब किती उतरतो ते मोजले. मोठ्या आतड्यात निर्माण होणाऱ्या या निर्वाताला त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे नाव दिले. श्रद्धा आणि यंत्र यांचा असा सुखाचा संसार आम्ही अन्यत्र पाहिला नाही. लाभ आहे का, असल्यास किती, हे शोधायला निघालेला माणूस आणि लाभ होतोच असे पत्रकात छापणारा माणूस, हे दोघे एकाच कुळातले वाटतात. परंतु पहिल्याला उत्तर नाही असे आले तरी चालते, दुसऱ्याला ते चालत नाही.

मग शोध घेणाऱ्यांना मुलांच्या बाबतीत काय सापडले आहे? शरीर लवचीक होते, तोल सुधारतो, काही मुलांची चिंता थोडीफार उतरते, असे सांगणारे अभ्यास पुष्कळ आहेत. मात्र त्यांतले बरेच लहान आहेत, थोड्या मुलांवर आणि थोड्या आठवड्यांचे आहेत, आणि त्यांवर मोठी इमारत उभारू नये असे त्यांचा आढावा घेणारेच सांगतात. योगाच्या शेजारचा एक मोठा प्रयोग ब्रिटनमध्ये झाला. तो आसनांचा नव्हता, सजगध्यानाचा होता. ८५ शाळा, आठ हजारांहून अधिक मुले, वय ११ ते १४. निम्म्या शाळांत शिक्षकांनी ध्यानाचे धडे दिले, उरलेल्यांत नेहमीचेच शिक्षण चालू राहिले. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या शिक्षणापेक्षा ध्यानवर्गाचा मुलांच्या मानसिक आरोग्याला अधिक फायदा झाल्याचे दिसले नाही, आणि बहुतेक मुलांनी घरी ध्यान केलेच नव्हते. यावरून ध्यान निरुपयोगी ठरत नाही. पण सर्वांना, एकाच वेळी, वेळापत्रकातून दिलेले ध्यान म्हणजे काय, ते मात्र कळते. मुले घरी ते का करीत नव्हती, याचे उत्तर आम्हाला आमच्या नातवाने न विचारता दिले होते. शाळेत रोज पाच मिनिटे डोळे मिटून बसवतात. तो म्हणाला, "आजोबा, डोळे मिटले की गणिताचा पेपर दिसतो. उघडे असले तर निदान खिडकी दिसते."

आणखी एक हिशेब सरळ मांडला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे धाप लागेल अशी हालचाल असावी असे सांगते. आसनांत ती धाप फारशी लागत नाही. लागू नये हाच त्यांचा गुण. म्हणून मैदानाची जागा योग घेऊ शकत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे. आमच्या शहरात दुकानांच्या वर, गोदामांच्या शेजारी शाळा कशा चालतात ते सुरतकरांना सांगायला नको. मैदान नसलेल्या शाळेला योग फार सोयीचा पडतो. सतरंजीभर जागा पुरते, चेंडू रस्त्यावर जात नाही, काच फुटत नाही, आवाज होत नाही. सोय कोणाची, असे विचारले तर उत्तर देणे अवघड होते. शांत मुले हवीत असे आपण म्हणतो, तेव्हा ती शांतता मुलाच्या उपयोगाची असते की पुढच्या तासाच्या शिक्षकाच्या? आम्ही स्वतः बत्तीस वर्षे वर्गात उभे होतो, म्हणून हा प्रश्न दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

सक्तीचा प्रश्न याच वळणावर येतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे थोर प्रचारक. स्वतः रोज नमस्कार घालीत, त्यांवर त्यांनी पुस्तके लिहिली, परदेशांत प्रचार केला आणि आपल्या संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे केले. हेच राजे १९३९ साली प्रजेच्या हाती कारभार देणारी राज्यघटना लागू करतात. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन यांचे साहाय्य त्यामागे होते. प्रौढ रयतेला स्वराज्य आणि शाळकरी पोरांना सक्तीचे नमस्कार! यात विसंगती आहे असे राजांना वाटले नसावे. मुलांच्या हिताचे मोठ्यांना अधिक कळते, या गृहीतकावर सगळे बालशिक्षण उभे आहे, आणि ते सर्वस्वी खोटेही नाही. पाढे कोणीही आपखुशीने पाठ करीत नाही. तरीही पाढ्यांची सक्ती आणि श्वासाची सक्ती यांत काही अंतर आहे असे आमचे मन सांगते. पाढे चुकले तर बाहेर कळते. डोळे मिटून मूल आत काय करते आहे ते फक्त त्यालाच ठाऊक असते. तेथे सक्ती केली तर हाती लागते ते फक्त मिटलेले डोळे.

त्यातच धर्माचा प्रश्न मिसळला आहे. योग सर्व शाळांत अनिवार्य करावा ही मागणी घेऊन काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले होते. शाळांत काय शिकवावे हे ठरवणे आपले काम नव्हे, असे सांगून न्यायालयाने २०१७ साली ती नाकारली. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत अलाबामा राज्याने १९९३ साली सरकारी शाळांतून योगाला बंदीच घातली होती. ती २०२१ साली उठली, पण अटींवर: आसनांची नावे इंग्रजी असावीत, मंत्र म्हणू नयेत आणि 'नमस्ते' हा शब्द उच्चारू नये. आमच्याकडे हे वाचून पुष्कळांना हसू आले. आम्हालाही आले. मग आमच्या वर्गातला एक मुसलमान मुलगा आठवला, जो सूर्यनमस्काराच्या मंत्रांच्या वेळी पाणी प्यायला बाहेर जाई आणि मंत्र संपताच धावत येऊन रांगेत उभा राही. त्याच्या आईने त्याला तसे सांगितले होते. आमच्यातील एका सभासदाचे म्हणणे पडले की त्याला शिस्त लावावी. जुम्मादादांच्या शिष्याच्या शिष्याने घडविलेल्या व्यायामाच्या वर्गात हे म्हणणे पडावे, याचे आम्हाला वाईट वाटले. आम्ही मंत्रांऐवजी आकडे मोजू लागलो. नमस्कार तेच राहिले, पोराचे पाणी वाचले. काही सभासद यावर अजून रुष्ट आहेत. त्यांचा सात्त्विक हेतू आम्ही नाकारीत नाही.

येथवर जे लिहिले ते वाचून कोणी म्हणेल की योगाचा वर्ग बंद करावा असेच तुम्हाला म्हणायचे आहे. तसे नाही. आमचे दुःख निराळे आहे. मूल अस्वस्थ आहे, झोपत नाही, चिडते, हे आज घरोघरी ऐकू येते. त्यावर योग सुचवला जातो. पण ते अस्वस्थ का आहे, हे कोणी विचारीत नाही. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, रात्री नऊपर्यंत दुसरी शिकवणी, सुटीत आणखी कसले तरी वर्ग. हे वेळापत्रक मोठ्यांनी केले आणि ते सोसायला शिकण्याचे काम मुलांवर सोपवले. २४ मे २०१९ ची दुपार सुरतेत कोणी विसरलेले नाही. सरथाणा भागात एका व्यापारी इमारतीच्या वरच्या मजल्यावर शिकवणीवर्ग चालत होते. आग लागली आणि २२ विद्यार्थी गेले. सुटीचे दिवस होते. खाली उड्या मारणारी मुले आम्ही दूरदर्शनवर पाहिली. त्या वर्षी आपल्या शहरात अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या, अनेक वर्ग काही काळ बंद राहिले. त्यानंतर काही आठवड्यांतच योगदिन आला आणि मुलांना दीर्घ श्वास घ्यायला शिकवण्याचे कार्यक्रम ठिकठिकाणी झाले. आम्हीही त्यांत होतो. एका कार्यक्रमात मुलांना डोळे मिटायला सांगून आम्ही स्वतः डोळे उघडे ठेवून त्या सभागृहाला दुसरा दरवाजा कोठे आहे ते शोधत होतो. तो होता, पण त्याच्यापुढे खुर्च्या रचून ठेवल्या होत्या.

मुलाला सोसायला शिकवण्याआधी त्याच्यावर काय लादले आहे ते पाहण्याचे कर्तव्य मोठ्यांचे आहे. ते कर्तव्य पार पाडले नाही तर योग ही मोठ्यांनी मुलांकडून करवून घेतलेली भरपाई होते. आणि ते पार पाडले, तर मुलाला योगाची गरजच उरणार नाही का? येथे आम्ही पुन्हा त्या मुलीकडे येतो, कारण याचे उत्तर तिच्याकडेच आहे.

त्या दिवशी आई आत चहा ठेवायला गेली तेव्हा आम्ही तिला विचारले, तुला कोणते आसन आवडायचे? ती म्हणाली, वृक्षासन. का? तिने थोडा विचार केला. "त्यात कोणाला हात लागत नाही." आम्हाला आधी कळले नाही. मग खोली पाहिली. पाच माणसे, एक खाट, एक माळा, साड्यांचे गठ्ठे. हात पसरला की कोणाला तरी लागणार. वर्गात तिला सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी एक जागा मिळत होती, जिच्यात दुसऱ्या कोणाचा पाय पडायचा नाही असा नियम होता. त्या जागेत ती एका पायावर उभी राही आणि पडली तरी कोणी काही म्हणत नसे. बेडूक, साप, कासव, गाईचे तोंड या नावांनी इतर मुले हसत. ती झाडाकडे गंभीरपणे पाही. हा लाभ आहे का? असेल, पण तो पत्रकात छापता येत नाही, आणि छापला तर त्या आईच्या हिशेबात चार साड्यांपुढे उभाही राहणार नाही. तिचा हिशेब चुकीचा आहे असे म्हणण्याचे धाडस आमच्याजवळ नाही. त्या साड्यांच्या मजुरीतून मुलीच्या वह्या येतात.

कित्येकांना वाटते की मुलांना खेळ, चित्र, गाणे, योग यांची गोडी लावायची तर थोडे अतिशयोक्त बोलावे लागते. पालक त्याशिवाय ऐकत नाहीत. आम्हीही तेच केले होते. त्याचा परिणाम असा की गोष्ट टिकते ती लाभाच्या भरवशावर, आणि लाभ दिसला नाही की गोष्ट आणि तिच्यातले न सांगितलेले सुख, दोन्ही एकदम जातात. त्या मुलीचे झाड आम्हीच तोडले. कुऱ्हाड म्हणजे ती जाड ठशातली ओळ. आम्ही पहिल्याच वर्षी सरळ लिहिले असते की तुमच्या मुलाला सकाळी एक तास स्वतःच्या अंगाशी राहायला मिळेल, तर कदाचित तिला कोणी पाठवलेच नसते. हीही शक्यता खरी आहे, आणि ती आम्हाला सुटलेली नाही.

पुढच्या वर्षी कार्यकारिणीच्या सभेत पत्रक पुन्हा समोर आले. शेवटची ओळ काढावी असे आम्ही सुचवले. खजिनदारांनी विचारले, मग लोक येतील कशाला? चर्चा पाऊण तास चालली. पचनाच्या ओळीवरही एकाने बोट ठेवले, तेव्हा दुसरे चिडून म्हणाले की असेच चालले तर कोरा कागद वाटू. अखेर शरीर लवचीक होते ही ओळ राहिली, कारण तेवढे आमच्या डोळ्यांदेखत झाले होते. तिच्याखाली वेळ, जागा, आणि सतरंजी घरून आणण्याची गरज नाही, ही सूचना. सतरा मुले आली. वर्गाची वेळ आम्ही सहाऐवजी संध्याकाळी साडेसहाची केली आहे, कारण त्या भागात धागे कापून झालेल्या साड्या घेऊन जाणारा माणूस सहाच्या सुमारास येऊन जातो, असे त्या आईनेच सांगितले. ती मुलगी अजून आलेली नाही. एक सतरंजी जास्तीची अंथरून ठेवतो.